ओठ पुढे, आवाज मागे

कात्री पहिल्यांदा नजरेत भरली ती एका धष्टपुष्ट गृहस्थांना जिन्यावरून खाली पोचवताना. पोचवताना म्हणजे पाहुण्याला पोचवतात तसं नव्हे. गृहस्थ कठड्याला धरून एकेक पायरी उलटे उतरत होते आणि ती वरच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून सांगत होती, "पोट आत घ्यायचं बटण माझ्याकडे नाही. ते तुमच्याकडे असतं. शूटिंगच्या आधी दाबायचं."

खाली लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि शेजारच्या चष्मेवाल्याला म्हणाला, "आज धार लावलेली दिसते."

"रोजच असते," चष्मेवाला म्हणाला. "आज गिऱ्हाईक जाड होतं म्हणून आवाज झाला."

कात्री हे नाव गल्लीनेच ठेवलेलं, अर्धं धंद्यावरून आणि अर्धं जिभेवरून. धंदा व्हिडिओ एडिटिंगचा. कुणाचा साठावा वाढदिवस, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, कुणाचा निरोपसमारंभ. तासन्‌तास घेतलेलं चित्रण तिच्याकडे यायचं, त्यातल्या जांभया, पाठमोरी माणसं आणि घास चावणारी तोंडं कापून ती उरलेलं सांधायची आणि डीव्हीडी करून द्यायची. नावाचा तिला राग नव्हता. फोन उचलून तीच म्हणायची, "हां, कात्री बोलतेय. काय बिघडलं?" बिघडल्याशिवाय कुणी आपल्याला फोन करत नाही, अशी तिची खात्री होती, आणि ती बहुतेक खरी होती.

वय पन्नाशीचं, अंगकाठी किरकोळ, चष्मा कायम कपाळावर ढकललेला. बोलताना ती समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायची. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या ओठाला काही लागलंय की काय. ती धंद्याची सवय होती. वाक्य कुठे संपतं आणि कुठे कापता येईल, हे ती चालत्या बोलण्यातही शोधत असायची.

दुकान पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मूळची एकच खोली. मध्ये प्लायवुडची भिंत वडिलांनी घातलेली. वडील फोटोग्राफर. जाण्याआधी त्यांनी वाटणी केली ती अशी की पुढची खोली आणि कॅमेरा धाकट्याला, मागची खोली आणि एडिटिंगचं टेबल मुलीला. कॅमेरा तिला हवा होता. शाळेत असल्यापासून ती वडिलांच्या मागे दिवा धरून उभी राहिली होती आणि उजेड कुठून घ्यायचा हे तिला धाकट्यापेक्षा लवकर कळलं होतं. पण वडील म्हणाले, बाईच्या जातीने खांद्यावर ते धूड घेऊन परक्यांच्या घरात कुठे हिंडायचं.  त्यावर जे बोलायचं ते तिने पुढे पुष्कळ वर्षं, दुसऱ्या निमित्तांनी, धाकट्याला ऐकवलं.

शेवटचं निमित्त एका गिऱ्हाइकासमोर झालं. चित्रण हललेलं होतं. कात्री म्हणाली, "माकडाच्या हाती कोलीत दिलं की असंच व्हायचं." धाकटा म्हणाला, "ताई, ज्याने कधी हातात कॅमेरा धरला नाही त्याने तो कसा धरावा हे शिकवू नये." गिऱ्हाईक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिलं. त्या दिवसापासून बहीणभाऊ बोलेनासे झाले. धंदा मात्र एकच राहिला. तो चित्रण आणायचा, ती कापायची. एकाशिवाय दुसऱ्याची चूल पेटत नव्हती, आणि राग जाण्याच्या आड बहुधा तेच येत होतं.

मग निरोप कोण पोचवणार? आई. आई पुढच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून स्वेटर विणत बसायची. धाकटा दुकानात असताना कात्री पलीकडून सांगायची, "आई, तुझ्या चिरंजीवांना विचार, फोल्डरला 'नवीन नवीन दोन' हे नाव कोणत्या शहाण्याने दिलं."

आई सुई न थांबवता धाकट्याला म्हणायची, "ती म्हणते, नाव जरा नीट देत जा."

"तिला सांग, नाव वाचून सिनेमा कापत नाहीत."

"तो म्हणतो, पुढच्या वेळी नक्की."

दोघांना एकमेकांचं मूळ बोलणं प्लायवुडमधून स्वच्छ ऐकू यायचं. पण ऐकलेलं धरायचं नाही आणि आईने पोचवलेलंच खरं मानायचं, असा न ठरवता ठरलेला करार होता. आईला या कामाचा अभिमान होता. "दोघांच्या मधली गाळणी आहे मी," ती शेजारणीला सांगायची. "गाळ माझ्याकडे राहतो."

गिऱ्हाइकांच्या बाबतीत कात्रीचं एक सूत्र होतं: दहातले नऊ दोष गिऱ्हाइकाच्या घरी असतात. डिस्क उलटी घातलेली असते, वायर अर्धी खोचलेली असते, टीव्ही भलत्याच चॅनेलवर असतो आणि माणूस तक्रार घेऊन जिना चढतो. तिचं म्हणणं बहुधा बरोबर निघायचं. अडचण तीच होती. जो माणूस बहुधा बरोबर असतो तो दहाव्या वेळी ऐकून घेत नाही.

तिचा कॉम्प्युटर मात्र जुना होता आणि सॉफ्टवेअर नवं. बैलगाडीला आगगाडीचं इंजिन जोडल्यासारखं. मधूनच पडदा गोठायचा. ती कॉम्प्युटरच्या डब्याला बाजूने एक चापट द्यायची आणि म्हणायची, "आता काय हवंय तुला?" चालू कामात चित्र बघायला गेलं की ते नेहमी अडखळायचं, माणसाचे ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. त्याची तिला इतकी सवय झाली होती की ती तिकडे बघायचीही नाही. "फायनल निघालं की जुळतं," ती म्हणायची. आणि जुळायचं.

आवाजकाकांचं काम आलं ते असं. आवाजकाका म्हणजे बसस्थानकावरचे उद्घोषक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, हे सांगणारा तो आवाज गावातल्या पोरासोरांना ओळखीचा होता. चेहरा मात्र कुणी पाहिलेला नव्हता, कारण काका काचेच्या खोलीत पाठमोरे बसायचे. ते निवृत्त झाले तेव्हा डेपोच्या कॅन्टीनमध्ये निरोपसमारंभ झाला. काका उभे राहून बराच वेळ बोलले. लोकांनी आग्रह केला म्हणून शेवटी त्यांनी, तोंडासमोर माईक नसताना, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." सगळं कॅन्टीन उठून उभं राहिलं. हे धाकट्याने चित्रित केलं आणि चित्रण कात्रीच्या खोलीत आलं. तिने फुरसतीने कापायला घेतलं. निवृत्तीच्या डीव्हीडीची घाई कुणालाच नसते.

डीव्हीडी न्यायला काकांची बायको आली ती समारंभानंतर बऱ्याच आठवड्यांनी. गल्ली त्यांना आवाजकाकू म्हणायची, आणि त्यात थट्टा होती, कारण घरात काकांपेक्षा काकूंचाच आवाज मोठा होता.

"झाली का हो ती तबकडी?" काकू दारातूनच म्हणाल्या. "की आम्ही मेल्यावर देणार आहात?"

"मेल्यावर दिली तर बघणार कोण?" कात्री म्हणाली. "बसा. देते."

"बसायला वेळ नाही. त्यांना अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली."

कात्रीने चष्मा कपाळावरून खाली ओढला. काकूंनी सहानुभूतीला जागाच ठेवली नाही. त्या हिशोब सांगावा तसं सांगत होत्या: वाचा शिकवणारी बाई घरी येते. तिने सांगितलंय की माणसाने स्वतःच्या तोंडाकडे बघत, स्वतःच्या आवाजाबरोबर शब्द घोकले तर जीभ वळायची आशा असते. परक्याच्या तोंडापेक्षा आपलं तोंड बरं. आणि काकांचं बोलतानाचं चित्रण जगात हे एवढंच. फोनवर बघणं त्यांना एका हाताने जमत नाही. डीव्हीडीचा रिमोट मात्र ते डाव्या हाताने दाबतात. "सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात म्हणे. त्यातले गेले किती, ते तुम्हाला माहीत. द्या."

पहिली डिस्क लागलीच नाही. घाईत कात्रीने फाइल नुसती उतरवून दिली होती. कॉम्प्युटरला ती चालली असती, काकांच्या जुन्या प्लेअरला नाही. काकू परत आल्या. "कोरी तबकडी विकता का?" कात्रीने रीतसर डीव्हीडी बनवून दिली. तीत काकांचं डोकं दाबल्यासारखं दिसत होतं, कारण रुंद पडद्याचं चित्र चौकोनी पडद्यात कोंबलं गेलं होतं. काकू म्हणाल्या, "नवऱ्याला आजार झालाय, त्याचा भोपळा झालेला नाही." तेही कात्रीने सुधारलं. या दोन चुका कुठल्याही दुकानात होतात आणि तिने त्या मान्य केल्या, म्हणजे "हं" म्हटलं.

तिसऱ्या वेळी काकू आल्या तेव्हा त्या ओरडत नव्हत्या. कात्रीला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"ओठ आधी हलतात," काकू म्हणाल्या. "आवाज मागून येतो. सुरुवातीला बरोबर असतं, मग घसरतं. पुढे पुढे जास्तच घसरतं."

"प्लेअर जुना आहे तुमचा."

"आमच्या प्लेअरवर बाकीचे सिनेमे जुळतात."

"सिनेमाच्या डिस्का वेगळ्या असतात. प्लेअर बदला."

"प्लेअर बदलीन हो," काकू म्हणाल्या, "नवरा कुठून बदलून आणू? तो त्या तोंडाकडे बघून तोंड उघडतो, तेव्हा आवाज आलेला नसतो. आवाज येतो तेव्हा तोंड मिटलेलं असतं. ज्याची आधीच गाडी रुळावरून गेलीय त्याला तुम्ही खोटा सिग्नल दाखवताय."

"मी सिग्नल दाखवत नाही, मी डीव्हीडी करते. या परत, दुसरी करून ठेवते."

काकू गेल्यावर कात्रीने सॉफ्टवेअर उघडलं आणि जिथे जिथे ओठ चुकत होते तिथे तिथे आवाज कापून, हाताने पुढे ओढून बसवला. चार वाक्यं जुळायची, पुन्हा घसरायला लागायची. पुन्हा काप, पुन्हा ओढ. ठिगळाला ठिगळ लागलं. नवी डिस्क काकूंनी नेली आणि दुसऱ्याच दिवशी जिन्याखालच्या लाँड्रीवाल्याकडे ठेवून गेल्या. वर यायची त्यांची इच्छा नव्हती. निरोप होता: "त्या बाईला म्हणावं, आता आवाज उड्या मारतो."

लाँड्रीवाल्याने निरोप शब्दशः दिला. तो आईसारखा नव्हता.

कात्रीला झोंबलं. मग तिने जे केलं ते आधी कधी केलं नव्हतं. ती गिऱ्हाइकाच्या घरी गेली. मदत करायला नव्हे. प्लेअर खराब आहे हे सिद्ध करायला. जाताना तिने आपली एक जुनी डिस्क बरोबर घेतली, कुणाच्या तरी वाढदिवसाची, जी जुळते हे तिला पक्कं माहीत होतं. तीही त्या प्लेअरवर घसरली की वाद संपला.

काकूंनी दार उघडलं आणि आत या म्हटलं नाही. कात्री आत गेली. खोलीत पलंग, त्याला लागून हाताची खुर्ची, समोर टीव्ही. खुर्चीत काका. तिने त्यांना चित्रणात तासन्‌तास पाहिलं होतं, त्यांच्या ओठांची ठेवण तिला पाठ होती, आणि समोरचा माणूस तिने लगेच ओळखला नाही. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. डाव्या हातात रिमोट इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी पडली होती.

तिने आपली डिस्क घातली. वाढदिवसाचा पोरगा बोलला, ओठ जुळले, शेवटपर्यंत जुळले.

"प्लेअर चांगला दिसतोय," काकू म्हणाल्या.

मग काकांची, घरीच राहिलेली आधीची डिस्क. पडद्यावरचे काका उभे राहिले, बोलू लागले. खुर्चीतले काका पुढे वाकले. पडद्यावरच्या ओठांबरोबर त्यांचे ओठ हलू लागले, घशातून आवाज निघू पाहत होता. थोडा वेळ गेला आणि पडद्यावरचं तोंड मिटलं तरी शब्द चालूच राहिला. काका थांबले. पुन्हा ओठ पकडायला गेले. मागून भलताच शब्द आला. त्यांनी मान हलवली, रिमोट खुर्चीच्या हातावर आपटला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"परवापासून असंच," काकू म्हणाल्या. "शिकवणारी बाई म्हणते, ते आता तिच्यापुढेही तोंड उघडत नाहीत. आपणच चुकतोय असं वाटतं त्यांना. झालं तुमचं समाधान?"

कात्रीला काहीतरी बोलायचं होतं. ती बोलली ते असं: "डिस्क काढून ठेवा. मी नवी आणेपर्यंत लावू नका."

"आणेपर्यंत," काकू म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

दुकानात येऊन तिने मूळ चित्रण पहिल्यापासून लावलं. ओठांकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं. ओठांकडे बघून इतके दिवस काही कळलं नव्हतं. ती कडेकडेचं बघत बसली. कॅन्टीनच्या भिंतीवरचा पंखा. पुढच्या रांगेतली टकलं. काकांच्या मागचं काचेचं कपाट, आत डेपोने जिंकलेल्या ढाली. काका जरा डावीकडे सरकले तशी कपाटाची काच मोकळी झाली आणि तीत समोरचं सगळं दिसलं: खिडकी, दिवे, आणि दिव्याखाली उभा असलेला धाकटा. त्याच्या खांद्यावर कॅमेरा नव्हता. दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून तो फोनने चित्रण करत होता.

कात्रीने चित्र थांबवलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग फाइलचा तपशील उघडला. हे तिने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

कॅमेऱ्याची शिस्त असते. तो प्रत्येक सेकंदाला ठरलेली पंचवीस चित्रं काढतो, उजेड असो की अंधार. फोन लहरी असतो. उजेड कमी झाला की दमतो, एखाद्या सेकंदाला कमी चित्रं काढतो, एखाद्याला जास्त. तिचं सॉफ्टवेअर मात्र सगळ्यांना पंचवीसच्याच मापाने मोजणारं. म्हणजे कमी पडलेली चित्रं लवकर संपत होती, चित्र पुढे पळत होतं आणि आवाज आपल्या चालीने मागून येत होता. सुरुवातीला दोघं बरोबर, मग अंतर, मग आणखी अंतर. काकूंनी जसं सांगितलं होतं अगदी तसं, शब्दाला शब्द. चित्रण फोनवरचं आहे एवढं ठाऊक असतं तर आधी त्याची चित्रं एका मापाची करून घ्यायची आणि मग कापायला बसायचं, पोरखेळ होता.

ती उठून पुढच्या खोलीत गेली. आई विणत होती, धाकटा दिव्याची वायर गुंडाळत होता. आईने सवयीने मान वर केली, निरोप घ्यायला. कात्रीने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"फोनवर घेतलंस?"

धाकट्याच्या हातातली वायर थांबली. तिचा आवाज त्याला प्लायवुडशिवाय ऐकायची सवय राहिली नव्हती.

"हो," तो म्हणाला.

"बाबांचा कॅमेरा असताना?"

"कॅमेरा पडला. आदल्या दिवशी. लेन्सची बैठकच तुटली."

"पडला की पाडलास?"

"पाडला. बस? हेच ऐकायचं होतं ना तुला? माकडाने पाडला."

"कॅमेऱ्याचं काय करायचं ते कर. पण सांगायची अक्कल नव्हती? त्या माणसाने बोलणं सोडलंय. माझ्या डिस्कमुळे नाही, तुझ्या गप्प बसण्यामुळे."

"मी गप्प बसलो नाही," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तू डिस्का आणायला बाहेर गेली होतीस. मी आईला सांगून गेलो. शब्दशः सांगतो: तिला सांग, कॅमेरा पडलाय, फोनवर घेतलंय, आणि त्यावरून तमाशा करायचा असेल तर मी परत आल्यावर कर."

दोघांनी आईकडे पाहिलं.

त्या दिवशी आईने कात्रीला निरोप दिला होता. कात्रीला तो आठवत होता: "आवाजकाकांचं शूटिंग मी ठेवलंय तुझ्या टेबलावर. झकास झालंय म्हणतो." तेव्हाच तिला वाटलं होतं, हा शब्द धाकट्याचा नाही.

"तुमच्या बाबांचा कॅमेरा," आई म्हणाली. सुया तिने मांडीवर ठेवल्या. "सांगितलं असतं तर तू त्याचा गळा धरला असतास."

"धरला असता," कात्री म्हणाली. "एक दिवस धरला असता आणि सोडला असता. काम नीट झालं असतं."

"मला काय माहीत फोनने काय होतं? मला वाटलं शूटिंग ते शूटिंग."

"गाळ तेवढा ठेवायचा होता आई. तू पाणीच ठेवून घेतलंस."

"माझ्यावर येतेस होय आता," आई म्हणाली. "इतकी वर्षं दोघांचे दगड झेलले मी. एकमेकांच्या तोंडाकडे बघवत नाही तुम्हाला, आणि चूक गाळणीची." ती उठली, लोकर पिशवीत कोंबली आणि जिना चढून घरी गेली. घर दुकानाच्याच वर होतं, त्यामुळे तिची पावलं आणि तिने आपटलेलं भांडं दोन्ही खाली ऐकू आलं.

खोलीत दोघंच राहिली. गाळून बोलायला कुणी नव्हतं.

"कपाटाच्या काचेत दिसतोस," कात्री म्हणाली. "हात बघ किती स्थिर आहेत तुझे. कॅमेऱ्यावर कधी नसतात."

"तुला चांगलं बोलायचंय का वाईट?"

"मलाही ठरवता येत नाहीये. सर बाजूला."

तिने सगळी ठिगळं पुसून टाकली. फोनची फाइल एका मापात बदलायला लावली, आणि कॉम्प्युटर घरघरत बसला तोवर त्याला एकही चापट दिली नाही. मग पहिल्यापासून कापायला घेतलं. मध्येच धाकटा येऊन दारात उभा राहिला. मागच्या खोलीचा उंबरठा त्याने पुष्कळ वर्षांत ओलांडला नव्हता, त्या दिवशीही ओलांडला नाही.

"पुढे जाऊन बघ," तो म्हणाला. "टाळ्यांच्या जवळ. तिथे खरं कळेल."

"माझा धंदा मला शिकवू नकोस."

ती पुढे गेली. पडद्यावर काका म्हणाले, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. 'प्र'ला मिटलेले ओठ उघडले तेव्हाच 'प्र' आला. पण चालत्या कामातल्या चित्रावर आता तिचा विश्वास नव्हता. डिस्क निघाल्यावर तिने ती दुकानातल्या टीव्हीवर लावली आणि शेवटच्या टाळीपर्यंत बघितली. धाकटाही दारातून बघत होता.

"जुळतंय," तो म्हणाला.

"मला डोळे आहेत," ती म्हणाली.

काकूंकडे ती स्वतः गेली. काका भिंतीकडे तोंड करून होते. काकूंनी डिस्क तिच्या हातातून घेतली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, मासळी तपासावी तशी, आणि प्लेअरमध्ये घातली. पडद्यावरचे काका बोलू लागले. खुर्चीतल्या काकांनी बराच वेळ मान वळवली नाही. शेवटी शेवटी, टाळ्यांच्या आधी, वळवली. पडद्यावरच्या ओठांकडे त्यांनी संशयाने पाहिलं. काकूंनी रिमोट घेऊन ते वाक्य पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. एकदा काकांचं तोंड पडद्यावरच्या तोंडाबरोबर उघडलं आणि घशातून काहीतरी खरखरीत बाहेर आलं: "अक्ष."

"ल कुठे गेला?" काकू कडाडल्या. "ल पण म्हणा. इतकी वर्षं गावाला लक्ष द्यायला लावलंत, आता ल खाता?"

काकांनी बायकोकडे रागाने पाहिलं. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी कुणाकडे एवढं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. काकूंनी वाक्य पुन्हा लावलं.

कात्री उभीच होती. काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "महिन्यापूर्वी आणली असतीत तर ल सुद्धा आला असता. शिकवणारी बाई म्हणाली होती, पहिले महिने."

"माहीत आहे," कात्री म्हणाली.

"मग उभ्या कशाला? आणखी एक करून ठेवा. हिला ओरखडे पडतील."

'ल' पुढे आला, पण सगळी अक्षरं आली नाहीत. काका आता पाच-सहा शब्द बोलतात, त्यातले दोन बायकोवर खेकसण्याचे आहेत. काकू ते सगळ्यांना ऐकवतात, तक्रारीच्या सुरात. उशीर झाला नसता तर किती शब्द आले असते हे कुणालाच सांगता येत नाही, आणि कात्रीला ते कुणी विचारत नाही. काकू सोडून. त्या दर वेळी विचारतात.

कॅमेरा दुरुस्त झाला नाही. धाकट्याने दुसरा घेतला. तो आता चित्रण आणून दिलं की प्लायवुडच्या दाराशी येतो आणि सांगतो, "कॅमेऱ्यावर घेतलंय," नाहीतर "फोनवर घेतलंय," आणि जातो. कात्री "हं" म्हणते. आईने दुकानात बसणं सोडलं. ती वरच विणते आणि शेजारणीला सांगते की मुलांना आता माझी गरज राहिली नाही. शेजारण विचारते, म्हणजे बोलायला लागली का ती दोघं? आई म्हणते, बोलतात कसली, भुंकतात.

गल्लीत डीव्हीडी आता कुणी मागत नाही. लोकांना सगळं फोनवर हवं असतं. कात्रीही तसंच करून देते. डीव्हीडी उतरवायचं यंत्र त्या रस्त्यावर आता फक्त तिच्या टेबलावर आहे, ते बिघडलं तर सुटा भाग मिळत नाही म्हणून तिने एक जुनं बंद यंत्रही घेऊन ठेवलंय, आणि त्याचं गिऱ्हाईक एकच आहे.